वीतभर पट्टी

बाबा डोंगरावरून आमच्याकडे कायमचे राहायला आले ते एक ट्रंक, एक घोडी आणि तोंडभर तक्रारी घेऊन. इथली हवा जड, पाणी मचूळ आणि माणसं गरजेपेक्षा जास्त बोलतात. यातलं शेवटचं माझ्या नवऱ्याकडे बघून म्हटलेलं होतं. घोडीची मात्र काहीच तक्रार नव्हती. ती ट्रकच्या फळीवरून टपटप उतरली, समोरचं हिरवंगार कुरण तिने एकदा बघितलं आणि कोणाची परवानगी न घेता तिकडे चालू लागली.

“ही घोडी आहे की मोठं कुत्रं?” नवरा म्हणाला.

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला हसू आलं, आणि हसायचा हक्क मला होता. मी स्वतः पालथ्या बादलीवर चढल्याशिवाय आमच्या एकाही घोड्यावर खोगीर टाकू शकत नाही. इथे सगळे मला टिल्ली म्हणतात. नवरा तर लग्नाच्या आधीपासून म्हणतो, आणि मीही ते नाव कधीच मनाला लावून घेतलं नाही. फक्त बाबांनी मला त्या नावाने आजवर एकदाही हाक मारलेली नाही.

नवरा लोकांना घोड्यावर बसायला शिकवतो. मी खोगिरं शिवते, पोटाखालून आवळायचे तंग दुरुस्त करते, लगामांचे तुटके पट्टे जोडते. माझी कामाची खोली तबेल्याला लागून आहे. मधे फळ्यांची भिंत, आणि समोर एक खिडकी, जिच्यातून अख्खं कुरण दिसतं. त्यामुळे पुढे जे झालं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

वर बाबा मालाचे घोडे हाकायचे. खिंडीच्या या बाजूचं मीठ त्या बाजूला, त्या बाजूची लोकर या बाजूला. मग खिंडीतून डांबरी रस्ता निघाला, ट्रक आले आणि घोडे एकेक करून विकले गेले. राहिली ती ही, त्यांच्या सगळ्यात जुन्या घोडीचं शेवटचं शिंगरू, चिंगी. ठेंगणी, रुंद, पोटाखाली लोंबणारे केस, आणि कान इतके छोटे की आयाळीत हरवायचे. वरचे सगळे घोडे असेच. लहानपणी मला वाटायचं घोडा म्हणजे एवढाच असतो. खाली पहिल्यांदा आले तेव्हा इथले घोडे बघून मी रस्ता सोडून भिंतीला चिकटले होते, आणि माझ्या नवऱ्याने मला पहिल्यांदा पाहिलं ते तशी चिकटलेली असतानाच.

ट्रंकेत बाबांचे थोडे कपडे आणि आईचा कोट एवढंच निघालं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. जाड तपकिरी लोकरीचा तो कोट बाबांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, इथे थंडी पडत नाही म्हणतात, पण घाल. मी घातला. खांदे दंडांवर उतरले, बाह्यांतून बोटांची टोकंसुद्धा बाहेर येईनात आणि खालचा घेर जमिनीवर लोळायला लागला. मी एक गिरकी घेऊन म्हटलं, बाबा, यात मी आणि अजून एक जण आरामात मावेल. ते हसले नाहीत. त्याच दुपारी मी कोट टेबलावर पसरला आणि खालून वीतभर कापला. माझी कात्री कातडी कापायची, लोकरीतून सरसर गेली. बाबा दारात उभे राहून बघत होते. दुमड घालायला सुई घेतली आणि वर बघितलं, तर ते निघून गेले होते.

कापलेली पट्टी फेकवेना. चिंगीच्या नाकावर जुन्या दोरीची म्होरकी घासून घासून केस गेले होते. मी तिच्यासाठी कातड्याची नवी म्होरकी केली आणि ती पट्टी दुमडून आतून शिवून टाकली. नाकावरून गालांवर आणि तिथून कानांमागे, बरोबर पुरली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी चिंगीला तबेल्याच्या दाराशी उभं केलं. आयाळ जिथे संपते तिथे हात आडवा धरला आणि दाराच्या खांबावर कोळशाने रेघ मारली. नवऱ्याने विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, आता वाढेल.

त्यांचं म्हणणं साधं होतं. वर गवत म्हणजे दगडांच्या फटींतून डोकावणारं, आणि निम्मं वर्ष तेही बर्फाखाली. घोड्यांना पोटभर कधी मिळालंच नाही, म्हणून ते असे राहिले. इथले घोडे बघा, रोज गुडघाभर गवतात उभे, मग का नाही वाढणार? चिंगीचं वय अजून कोवळं आहे. पोटभर मिळालं तर निदान ती तरी वाढेल. हे ‘निदान ती तरी’ त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघायचं टाळलं.

का टाळलं ते मला माहीत होतं. मी पाचेक वर्षांची असताना खिंड वेळेच्या फार आधी बंद झाली. माल अडकला, माणसं अडकली, आणि आमच्या घरात जवाची एक कोठी तेवढी शिल्लक होती. बाबांनी आईला सांगितलं, आधी घोड्यांचं, मग आपलं. घोडे मेले तर बर्फ वितळल्यावर आपण कशावर जगणार? त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. सगळ्याच घोडेवाल्यांच्या घरांत तेच चाललं होतं, आणि जव न देऊन बघायची कोणाची छाती होती? रोज संध्याकाळी बाबा कोठीतून जव काढून भिंतीपलीकडे नेत, आणि मी फळ्यांना कान लावून घोड्यांचं चावणं ऐकत बसे. कुरुम कुरुम. मला तो आवाज फार आवडायचा.

पुढचा हिवाळाही तसाच गेला. घोडे सगळे वाचले. मीही वाचले, पण माझी वाढ जी अडली ती अडलीच. धाकटा भाऊ त्यानंतर, बऱ्या दिवसांत जन्मला. तो दूर एका बंदरावर नोकरी करतो आणि आमच्याकडे आला की दर वेळी चौकटीला डोकं आपटून घेतो.

मी यावरून बाबांना कधी एका शब्दाने बोलले नाही. बोलण्यासारखं काही वाटलंच नाही. घोडे वाचले म्हणून आम्ही वाचलो, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. बाबांचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर उभं होतं.

तो उन्हाळा त्यांच्या सगळ्यात सुखाचा असावा. सकाळी चिंगीला कुरणात सोडायचं, माझी बादली पळवायची, ती कुंपणाशी पालथी घालून तिच्यावर बसायचं आणि दिवसभर तिला खाताना बघायचं. मला शिडी आणून वापरावी लागली, मी कुरकुर केली, त्यांनी ऐकलं नाही. संध्याकाळी त्याशिवाय भिजवलेले जव. एकदा ते बादली घेऊन माझ्या खोलीत आले. तळाशी मूठभर जव उरले होते. म्हणाले, बघ, तिने ठेवले. तिचं पोट भरलं. जन्मभर घोडे पाळलेल्या त्या माणसाने घोड्याने अन्न शिल्लक ठेवलेलं पहिल्यांदाच पाहिलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला हातातला टाका घालता येईना.

खांबावरची रेघ मात्र वर सरकेना. दर वेळी नवी रेघ जुन्या रेघेवरच पडायची, आणि एकच रेघ जाड होत चालली होती. बाबा म्हणायचे, आधी अंग भरतं, मग उंची येते. अंग भरत होतं हे खरं. मी तिच्या तंगाला नवी भोकं पाडली, मग तेही पुरेना तेव्हा पट्टाच लांब केला.

आणि मान. वर हिवाळा तोंडावर आला की घोडेवाले एकमेकांच्या घोड्यांची मान दाबून बघतात. आयाळीखाली घट्ट लागली की म्हणतात, हा बर्फ काढणार, म्हणजे हिवाळ्यात तगणार. मऊ लागली की कोणी काही बोलत नाही, नुसते खोगीर सारखं केल्यासारखं करतात. बाबा रोज चिंगीची मान दाबायचे. मला हाताला धरून न्यायचे आणि माझा हात तिथे ठेवायचे. मान खरोखर दगडासारखी लागत होती, इतकी जड की आयाळ एका बाजूला कलंडलेली. अशी मान मी जन्मात बघितली नाही, बाबा म्हणाले.  पण इथे तसला हिवाळा येतच नाही, ती चरबी खर्ची पडायला बर्फच नाही, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या.

नवऱ्याला बरं वाटत नव्हतं. ही फार खातेय, थोडा वेळ तरी बांधून ठेवू, असं त्याने एकदा सावकाश सुचवून पाहिलं. बाबा बादलीवरून ताडकन उठले.

“खाणाऱ्याच्या पोटावर नजर ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत,” ते म्हणाले. “मी स्वतः त्यांतलाच होतो. आता पुरे.”

 नवरा आपल्या कामाला निघून गेला. आमचे उंच घोडे तेच गवत खाऊन ठणठणीत होते, त्यामुळे त्याच्याजवळ दाखवायला काही नव्हतंच.

एका सकाळी मी खिडकीतून बघितलं तर चिंगी कुरणाच्या मधोमध विचित्र उभी होती. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, सगळा भार मागे, जणू कोणी तिला फळीवरून ढकलतंय आणि ती नाही म्हणतेय. बाबांनी हाक मारली. ती आली नाही. ते गेले, पाय उचलून बघितला, म्हणाले खडा टोचला असेल. खूर गरम लागत होता. वर घोडा असा गळून उभा राहिला की त्याचा एकच अर्थ असतो, ताकद संपली. म्हणून बाबांनी वरचाच इलाज केला. तिला चालवत नव्हतं, तर गवत उपटून तिच्या तोंडाशी नेलं. दुप्पट जव भिजवले आणि ओंजळीने भरवले. ती बिचारी बाबांच्या हातचं नाही कशाला म्हणेल? दुसऱ्या दिवशी ती आडवी पडून होती आणि उठायला बघत नव्हती.

आमच्याकडे घोड्यांच्या डॉक्टरीणबाई येतात त्या मोजकं बोलणाऱ्या. बाबांना त्या पहिल्या नजरेत आवडल्या ते यामुळेच. त्यांनी चिंगीच्या खुरावर बोटं ठेवली, मग आयाळीखाली हात घातला, आणि त्यांचा चेहरा उतरला. पेटीतलं यंत्र काढून त्यांनी पायांचे फोटो घेतले आणि आम्हाला दाखवले. खुराच्या आतलं मांस सुजलं होतं आणि त्याने धरून ठेवलेलं हाड जागा सोडून खाली कलायला लागलं होतं. इथलं गवत हिला विष आहे, त्या म्हणाल्या. यातली साखर हिच्या अंगाला झेपत नाही, ती अशी पायांवर निघते.

बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांनी विचारलं, इथले घोडे हेच गवत खातात, मग त्यांना का नाही होत? ही तर वर उपाशी राहून ठेंगणी राहिली, पोटभर मिळालं की वाढेल म्हणून मी चारत होतो.

“काका, हे घोडे वेगळे आणि ही वेगळी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग एरवीच्या मानाने पुष्कळ बोलल्या. “ही उपाशी राहून ठेंगणी झालेली नाही. तुमच्या त्या डोंगरात जी मोठाड शिंगरं जन्माला आली ती पहिल्याच वाईट हिवाळ्यात गेली. मोठं अंग पोसायला खायला जास्त लागतं, ते तिथे नव्हतं. आखूड पायांची, छोट्या कानांची, जाड केसांची तेवढी तगली. त्यांना पिल्लं झाली ती तशीच. असे किती हिवाळे गेले कोण जाणे, होता होता सगळी जातच अशी झाली. हिला जन्मल्यापासून लोण्यावर वाढवली असती तरी ही एवढीच राहिली असती.”

बाबा हातातली टोपी फिरवत राहिले. मला वाटलं त्यांना जरा बरं वाटलं असेल, की घोडीला आपण लहान ठेवलं नाही. पण ते दुसराच हिशेब करत होते.

“म्हणजे वर,” ते म्हणाले, “हिवाळ्यात यांना जव घातले नसते, तरी?”

“जव कशाला हवेत?” डॉक्टरीणबाई यंत्राची वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या. “वाळकं गवत, झाडाची साल, बर्फ उकरून मिळेल तो पाला, एवढ्यावर काढतात. हाडं दिसायला लागतात, पण मरत नाहीत. हिवाळा संपला की पुन्हा भरतात. त्याच्यासाठीच तर हे अंग असं बनलंय.”

बाईंनी ते चांगल्या मनाने सांगितलं. म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणूनच सांगितलं. त्यांना आमच्या कोठीबद्दल काय ठाऊक?

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी चिंगीच्या म्होरकीचं बक्कल सैल करत होते, ते करतच राहिले. आणि त्या क्षणी मला राग आला, इतक्या वर्षांत कधी आला नव्हता तो. फळ्यांच्या पलीकडचा तो कुरुम कुरुम आवाज कानात आला आणि वाटलं, ते माझं होतं. ते माझ्या तोंडचं होतं आणि त्या घोड्यांना त्याची गरजसुद्धा नव्हती. हे सगळं ओरडून सांगावंसं वाटलं. मग मी बाबांचा चेहरा बघितला. त्यांना ते माझ्या आधी कळलेलं होतं. राग जिथल्या तिथे विरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते मला रागापेक्षा जास्त सोसवेना.

त्यानंतर चिंगीला उपाशी ठेवायचं होतं. आशा थोडीच होती, पण होती. खाली मऊ वाळू, खुरांना जाड नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे जोडे, ते मी शिवले. खायला नुसतं वाळकं गवत, तेही पाण्यात भिजवून साखर काढून टाकलेलं, आणि तेही पोटाला पुरणार नाही एवढंच. हे सगळं बाबांनी आपल्याकडे घेतलं. नवरा म्हणाला, मी करतो, तुम्ही नका बघू. त्यांनी ऐकलं नाही. दावणीत चिमूटभर ओलं गवत टाकायचे आणि तिच्याकडे पाठ करून बसायचे. ती मान लांब करून त्यांच्या कोटाची कॉलर दातात धरायची, ओढायची. तिला काय समजणार, देणारा हात असा एकाएकी का आखडला? बाबा कॉलर सोडवून घ्यायचे नाहीत. तसेच बसून राहायचे. मी खिडकीशी जायचं सोडून दिलं.

घरात ते माझ्याशी कामापुरतं बोलत. मी समोर ताट ठेवलं की म्हणत, तू जेवलीस? मी जेवले म्हटलं की मान हलवत आणि दोन घास खाऊन उठत. मी पुष्कळदा ठरवलं, आज बोलायचं. म्हणायचं, बाबा, तेव्हा कोणाला माहीत होतं? पण हे म्हणायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं की त्या खुलाशाचा अर्थ मलाही कळलाय. मला वाटायचं, निदान तेवढं त्यांच्यापासून लपून राहावं.

चिंगीचं हाड खाली येतच राहिलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी खूर उचलून बघितला आणि हळूच खाली ठेवला. त्या काही म्हणायच्या आत बाबाच म्हणाले, करा, सोडवा तिला. मग त्यांनी विचारलं, आता तिला खायला दिलं तर चालेल का?

बाईंनी दुसरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, आता काहीही द्या, काका.

बाबा कुरणात गेले. गुडघे टेकून दोन्ही हातांनी गवत उपटलं, कोवळं कोवळं निवडून. जव भिजवून ठेवलेले होते. त्यांनी ते सकाळीच भिजवले होते, म्हणजे त्यांना कळून चुकलेलं होतं. मला तिथे थांबवेना. मी माझ्या खोलीत गेले, हातात उगाच एक पट्टा घेतला. आणि भिंतीपलीकडून आवाज आला. कुरुम कुरुम. बाबा तिचं तोंड मांडीवर घेऊन भरवत होते. मी पट्टा टाकला, फळ्यांना कान लावला आणि लहानपणी जशी बसायचे तशीच खाली बसले. ती सावकाश खात होती, कोणी घाई केली नाही. आवाज थांबला तेव्हा मी उठले, बाहेर गेले आणि तिचं डोकं धरलं. बाबांचा हात तिच्या मानेवर होता, नेहमीच्या जागी. सुई टोचल्यावर ती एकदाच दीर्घ श्वास सोडून जड झाली.

नवऱ्याने कुरणाच्या कडेला खड्डा खणून घेतला. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. खांबावरची कोळशाची रेघही त्याने पुसली नाही.

दुपारी बाबा म्होरकी घेऊन माझ्या खोलीत आले. माझ्या समोरच्या स्टुलावर बसले, टेबलावरची छोटी सुरी उचलली आणि आतली शिवण उसवायला लागले. एकेक टाका, नीट, कातड्याला ओरखडा न काढता.  मला वाटलं तिची आठवण म्हणून पट्टी जवळ ठेवायची असेल. पट्टीत चिंगीचे केस अडकले होते. तिचा वास आला. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं, आणि मी बोलले ते नेमकं खोटं.

“बाबा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, काहींची जातच ठेंगणी असते. मीही तसलीच. मी आईवर गेले असेन.”

त्यांनी शेवटचा टाका तोडला, पट्टीची घडी उलगडली आणि हाताने दाबून सरळ केली. मग उठून खुंटीवरचा आईचा कोट काढला आणि टेबलावर पसरला. मी घातलेल्या दुमडीशी त्यांनी ती पट्टी लावली. रंग मळला होता, पण कडा कडेला बरोबर लागली. मीच कापली होती, लागणारच.

बाबांनी पट्टीच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

“तुझी आई एवढी होती,” ते म्हणाले. मग बोट वर सरकवून दुमडीवर ठेवलं. “आणि तू एवढी. मधलं मी घोड्यांना घातलं, पोरी. आणि त्यांना ते लागतही नव्हतं.”

ते रडले नाहीत. मीच रडले. त्यांचा हात पट्टीवर तसाच पसरलेला होता, अंगठा एका कडेला आणि करंगळी दुसऱ्या. मला खूप काही म्हणायचं होतं. माझं आयुष्य चांगलं गेलंय, मला काही कमी नाही, बादलीवर चढायला मला मजा येते, तुम्ही नसता तर मी तेवढीसुद्धा वाढले नसते. सगळं खरं होतं, आणि त्या पट्टीपुढे त्यातलं एकही म्हणण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात नवरा दारातून आत आला. बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून त्याने ताट वाढून आणलं होतं. त्याने ते टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं, आमच्याकडे बघितलं आणि निघून गेला. बाबांनी ताटाला हात लावला, आणि ते माझ्यापुढे सरकवलं.

“आधी तू,” ते म्हणाले.

मी जेवलेली होते. पोटात घासभर जागा नव्हती. तरी मी डोळे पुसले, स्टूल ओढून बसले, आणि त्यांच्या समोर ते सगळं ताट खाल्लं, काही न ठेवता. ते शेवटपर्यंत बघत राहिले.